आमची वाटचाल: काष्ठौषधी आणि भिजका हिरडा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं काष्ठौषधींचं, म्हणजे औषधी मुळ्या, साली, वेली, फळांचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे वैद्य, वैदू, हाडवैद्य आणि बाळंतकाढ्याची यादी घेऊन येणाऱ्या आज्या. सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, धंदा चालला.

2019 च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. शाहूपुरीत कुंभार गल्लीकडं आमचं गोदाम होतं, तिथं गळ्याएवढं पाणी. उतरल्यावर पोती उघडली तर गुळवेल बुळबुळीत, वावडिंगाचा गोळा, आणि हिरडा मात्र दिसायला ठणठणीत. फसवतो तो हिरडाच. उन्हात टाकला की पुन्हा कडक होतो, पण तुरटपणा पाण्याबरोबर गेलेला असतो आणि आत बीभोवती बुरशी धरते. अडकित्त्यानं मधोमध फोडल्याशिवाय ती दिसत नाही.

आम्ही सगळा माल खड्ड्यात घातला. ओळीतल्याच एका व्यापाऱ्यानं त्याचा भिजका हिरडा डांबरी रस्त्यावर वाळवून निम्म्या भावात विकला. वर्षभर ऐकावं लागलं ते आम्हालाच, 'तुमच्याकडंच एवढा महाग कसा?' नाव घेत नाही. बाजाराला ठाऊक आहे.

गगनबावड्याकडचे वैदूमामा तेवढे फिरकले नाहीत दुसरीकडं. हिरडा आला की तांब्यातल्या पाण्यात टाकणार. बुडला तर घेणार, तरंगला तर परत. "मालक, पैसं कमी करा म्हणत न्हाई, पर ह्यो तरंगतोय बगा." त्यांनी आणलेली गुळवेल अंगठ्याएवढी जाड, कडुनिंबावर चढलेली. तिचे दोन बोटं लांबीचे तुकडे करून सावलीत, एकावर एक न टाकता वाळवायचे. 10 किलो ओलीची वाळून अडीच-तीन किलो भरते. चार भरली तर ओल राहिलीय, पोत्यात घालू नका.

आणि बिब्ब्याला हात लावण्याआधी खोबरेल चोळा, त्याचं सूप-चाळण वेगळंच ठेवा. नवी पोरं ऐकत नाहीत, मग आठवडाभर हातावर फोड घेऊन बसतात.

2021 च्या जुलैत पाणी परत आलं. आमची पोती आदल्या रात्रीच दुकानाच्या माळ्यावर चढवली होती. पाऊस उघडल्यावर रस्त्यावर पुन्हा हिरडा वाळत होता, आमचा नव्हे.