आमची वाटचाल : वाईट बातमी ऐकून घेणारी माणसं

आमची कंपनी मशीनचे सुटे भाग बनवते. शाफ्ट, बुश, व्हॉल्व्हची बॉडी, ग्राहकाचं ड्रॉइंग येईल तसं. सुरुवातीला मी, माझे भागीदार आणि दोन कारागीर एवढेच होतो. एक जुनं लेथ मशीन, एक मिलिंग मशीन आणि भाड्याचा गाळा. तेव्हा नेतृत्व वगैरे विषय आमच्या बोलण्यात येण्याचं कारणच नव्हतं. टूल तुटलं की तो आवाज चौघांनाही एकदमच ऐकू यायचा आणि पुढे काय करायचं ते तिथल्या तिथे उभ्याउभ्या ठरायचं.

कामं वाढली, संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी मशीन आली, दुसरी पाळी सुरू झाली आणि पाठोपाठ रात्रपाळीही. आमच्या वाटचालीतलं खरं वळण हेच. मशीन घेण्यासाठी कर्ज मिळतं, चालवायला माणसं मिळतात. पण आम्ही दोघंही घरी असताना पाळी कोणाच्या भरवशावर चालवायची, हे बँक सांगत नाही. पाळीप्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा मी आणि भागीदार बरेच दिवस याच गोष्टीवर बोलत होतो. भागीदार कामाचे पक्के, माणसांचा अंदाजही त्यांना चांगला. मला मानसशास्त्राची आवड, मिळेल ते वाचायची सवय. या दोन्हींच्या मेळातून आमची पद्धत तयार झाली. लहान उद्योग चालवणाऱ्या प्रत्येकाला ती कधीतरी उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पाळीप्रमुख म्हटलं की डोळ्यांसमोर पहिला येतो तो खणखणीत आवाजाचा, मीटिंगमध्ये आधी बोलणारा माणूस. हा कल जगभर आढळतो. मानसशास्त्राचे संशोधक टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली व्यक्तिमत्त्व आणि नेतृत्व यांच्या संबंधावर तोवर झालेल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. बहिर्मुख स्वभावाचा नेतृत्वाशी संबंध दिसला, पण तो दोन ठिकाणी सारखा नव्हता. गटात नेता म्हणून पुढे येण्याशी तो जास्त होता आणि नेता झाल्यावर काम प्रत्यक्षात चांगलं होण्याशी कमी. म्हणजे बोलका माणूस लवकर नजरेत भरतो, एवढं खात्रीने म्हणता येतं. त्याच विश्लेषणात कर्तव्यदक्षता, नव्या विचारांबद्दल मोकळेपणा आणि भावनिक स्थैर्य यांचाही नेतृत्वाशी संबंध दिसला होता. आम्हाला यातलं भावनिक स्थैर्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं. वर्कशॉपमध्ये त्याची परीक्षा रोज होते, कधीकधी दिवसातून दोनदा.

रात्रपाळीसाठी आम्ही निवडलेला माणूस मूळचा सेटर, म्हणजे मशीनवर नवं काम लावून देणारा. बोलणं मोजकं. नवीन जॉब लागला की फर्स्ट पीस स्वतः मोजणार, ऑपरेटरलाही मोजायला लावणार आणि दोघांची मापं जुळल्याशिवाय सायकल पुढे जाऊ देणार नाही. मापात फरक आला तर त्याच्या चेहऱ्यावर वैताग नसायचा, कुतूहल असायचं. भागीदारांनी हे बरोबर हेरलं होतं.

त्याच्या हाताखालच्या एका नवख्या ऑपरेटरच्या हातून एका रात्री बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं उपकरण, खाली पडलं. गेज दिसायला धड होतं. त्याच्याशिवाय कोणी पाहिलंही नव्हतं. पोराने मशीन थांबवलं आणि पाळीप्रमुखाला जाऊन सांगितलं. पाळीप्रमुखाने विचारलं, "बरं झालं लगेच सांगितलंस. पडल्यानंतर किती पीस मोजलेत?" गेज मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, तपासलं तर रीडिंग सरकलेलं निघालं. तेवढे पीस वेगळे काढले, दुसऱ्या गेजने पुन्हा मोजले, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि मशीन सुरू झालं. सकाळी आम्हाला नोंद वाचायला मिळाली.

त्याचा पहिला प्रश्न "कोणी पाडलं?" असा असता तर पुढच्या वेळी गेज पडल्याचं कोणाला कळलंच नसतं. तो चुकीचा माल डिस्पॅच होऊन ग्राहकाच्या जोडणीच्या लाइनवर जाऊन अडला असता. पाळीप्रमुखाच्या तोंडून निघालेल्या पहिल्या वाक्यावर पुढच्या कितीतरी महिन्यांची खरी माहिती अवलंबून असते. प्रभावी नेत्याच्या मनाच्या घडणीत सगळ्यांत मोलाचं काय, असं मला कोणी विचारलं तर वाईट बातमी शांतपणे घेण्याची ताकद, असंच मी सांगेन. बाकीचे गुण या ताकदीभोवती उभे राहतात.

यानंतर काही महिन्यांनी पाळ्यांचे आकडे लिहायच्या फलकावर एक गोष्ट दिसू लागली. रात्रपाळीचं रिजेक्शन, म्हणजे तपासणीत बाद केलेले पीस, दिवसपाळीपेक्षा जास्त. भागीदारांनी सरळ विचारलं, ही पाळी कच्ची आहे का? तेव्हा मला एमी एडमंडसन यांचा अभ्यास आठवला. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत असताना त्या रुग्णालयांतल्या परिचारिकांचे गट आणि औषध देताना होणाऱ्या चुका यांचा संबंध तपासत होत्या. चांगल्या गटात चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले: ज्या गटांचं आपसात चांगलं जमतं आणि ज्यांच्या प्रमुखांबद्दल विश्वास आहे, तिथेच चुकांच्या नोंदी जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या गटांमध्ये माणसं चुका मोकळेपणाने सांगत होती. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ साली त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि मानसिक सुरक्षितता हा विचार संशोधनात पक्का रुजला. आपण शंका काढली, मदत मागितली किंवा चूक कबूल केली तर इथे आपला पाणउतारा होणार नाही, असा गटातल्या सगळ्यांना वाटणारा भरवसा म्हणजे मानसिक सुरक्षितता.

म्हणून आम्ही फलकावरच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवला: कोणत्या पाळीत बनलेला माल ग्राहकाकडून परत येतो. त्यात रात्रपाळी सर्वांत स्वच्छ निघाली. दोष आमच्याच छताखाली पकडले जात होते, इतकंच. तेव्हापासून पाळीप्रमुखाचं काम आम्ही एकट्या रिजेक्शनवर कधीच तोलत नाही. ज्या मालकांच्या हातात हे कोष्टक असतं, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की नोंद वाढली म्हणून कोणाला बोलू नका. त्या दिवसापासून नोंदी घटतील आणि दोष तसेच राहतील.

वरिष्ठ माणूस ऐकत नाही तेव्हा काय होतं, याचं मी वाचलेलं सर्वांत भयंकर उदाहरण विमानसेवेतलं आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानाचा कॅप्टन अत्यंत अनुभवी, इतर वैमानिकांना शिकवणारा. समोरचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालं नसावं, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलूनही दाखवली होती. कॅप्टनने ठामपणे ती दूर सारली आणि विमान धावतच राहिलं. कारणं अनेक होती, रेडिओवरचे एकमेकांत मिसळलेले संदेशही होते. पण कॉकपिटमध्ये शंका हजर होती आणि तिला वजन मिळालं नाही, हे मनातून जात नाही. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ साली नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून वैमानिकांच्या प्रशिक्षणाला नवी दिशा मिळाली. कनिष्ठाने आग्रहाने बोलायचं आणि कॅप्टनने ते ऐकायचं, याचा सराव करून घेतला जाऊ लागला. ऐकून घेणं हा काही जणांचा जन्मजात स्वभाव असतो. इतरांना तो सरावाने अंगी बाणवता येतो, ही त्यातली माझ्यासाठी सर्वांत आशेची गोष्ट.

आमच्याकडे या सरावाचं रूप साधं आहे. मोठी ऑर्डर घेण्याआधी सगळ्या विभागांची माणसं बसतात आणि असं धरून चालायचं की ऑर्डर घेतली, काम केलं आणि ते पार फसलं. आता प्रत्येकाने का फसलं ते लिहायचं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत. "काही अडचण वाटते का?" असं विचारलं तर मालकासमोर माणसं मान हलवून नाही म्हणतात. फसलंच आहे असं गृहीत धरलं की अडचण शोधणारा हुशार ठरतो, अपशकुनी ठरत नाही. बोलायचा क्रमही ठरलेला आहे: सर्वांत नवखा आधी, भागीदार आणि मी शेवटी. एकदा स्टोअरमधल्या मुलीने लिहिलं की हार्डनिंग (धातू कडक करण्याचं काम) बाहेरून होतं आणि त्यांच्याकडे या महिन्यात आपला माल आत्ताच रांगेत पडून आहे. तीन अनुभवी माणसांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट. आम्ही ग्राहकाशी बोलून माल दोन टप्प्यांत द्यायचं ठरवलं, ते त्यांनी आनंदाने मान्य केलं आणि ते आजही आमचे ग्राहक आहेत.

ऐकणं म्हणजे मऊपणा, असा एक गैरसमज असतो. आमच्या रात्रपाळीचा प्रमुख मऊ अजिबात नाही. चष्मा न लावता ग्राइंडरवर बसलेल्याला तो तिथल्या तिथे उठवतो, मग तो कितीही जुना माणूस असो. मोजमाप न करता आकडा भरणं त्याच्याकडे माफ नाही. फक्त नियम सगळ्यांना सारखा आणि कारण सांगून. शिक्षेपेक्षा शिक्षा कोणाला आणि कशी झाली, यावर माणसं आपलं मत बनवतात. न्यायबुद्धी ज्याच्याकडे नाही, त्याचं शांत राहणंही लोकांना थंडपणा वाटतं.

या न्यायबुद्धीच्या आड मनाची एक खोड येते. दुसऱ्याच्या हातून काही बिघडलं की आपण त्याच्या स्वभावात कारण शोधतो: आळशी, बेफिकीर, लक्ष नाही. आजूबाजूची परिस्थिती मात्र कमी लेखतो. सामाजिक मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीवर नेमकं बोट ठेवलं. वर्कशॉपमध्ये ती पदोपदी भेटते. म्हणून आमच्या दोषनोंदीच्या कागदावर आधी इन्सर्ट (धातू कापणारं पातं), कूलंट (कापताना सोडायचं थंडाव्याचं पाणी-तेल), कच्चा माल, ड्रॉइंगची आवृत्ती आणि उजेड हे रकाने आहेत. माणसाचा रकाना सर्वांत खाली. तिथवर पोहोचायच्या आत बहुतेक वेळा कारण सापडलेलं असतं.

आता मालक नसताना काय होतं, हा जो प्रश्न आम्हाला सुरुवातीला छळत होता, त्याचं जुनं आणि सुंदर उत्तर मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्या १९३० च्या दशकातल्या प्रयोगांत आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे हस्तकलेचे गट केले. काही गटांचा मोठा माणूस हुकूम सोडणारा, काहींचा मुलांना विचारून चालणारा, काहींचा सगळं सोडून देणारा. हुकूमशाही गटांत तो समोर असेपर्यंत काम जोरात चालायचं आणि तो खोलीबाहेर गेला की ढेपाळायचं. विचारून चालणाऱ्या गटांत तो बाहेर गेला तरी काम बहुतांशी तसंच चालू राहायचं. मुलांवरचा प्रयोग कारखान्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण रात्रपाळी चालवणाऱ्याला त्यातलं मर्म लगेच कळतं. धाकावर चालणाऱ्या पाळीला धाक दाखवणारा सतत तिथे हजर लागतो.

त्यामुळे आम्ही मशीन थांबवायचा अधिकार प्रत्येक ऑपरेटरला दिला. शंका आली तर थांबव, आधी परवानगी नको. काही परिचितांनी सांगितलं की उत्पादन बसेल. पहिल्या काही आठवड्यांत थांबे वाढले, हे खरं. नंतर तेच थांबे कुठे इन्सर्ट लवकर झिजतं आणि कुठे जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर ढिलं पडतं याचा नकाशा ठरले आणि आमची देखभाल त्यावरून आखली जाऊ लागली. स्वतः ठरवण्याची मुभा, आपल्याला काम येतं ही जाणीव आणि आपली माणसं, या तीन गरजांवर माणसाची आतून येणारी उमेद टिकते, अशी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची मांडणी आहे. थांबवायचं बटण हातात आल्यावर माणसं ताठ मानेने उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

अजून एका गुणाचा उल्लेख करते, कारण त्याबद्दल लहान उद्योगांत फारसं बोललं जात नाही: सुरू केलेली गोष्ट वेळीच बंद करण्याचं धैर्य. संस्थांमधल्या माणसांच्या वागण्याचे अभ्यासक बॅरी स्टॉ यांनी १९७६ सालच्या प्रयोगात दाखवलं की निर्णय स्वतःचा असेल आणि तो फसत चालला असेल, तर माणूस त्यातच आणखी पैसा घालायला तयार होतो. उपाय म्हणून कोणतंही नवं काम सुरू करतानाच ते कधी थांबवायचं ते आम्ही कागदावर लिहितो आणि वेळ आल्यावर तो कागद निर्णय घेणाऱ्याशिवाय दुसरं कोणीतरी वाचतं. आमच्यात हे काम भागीदार आणि मी एकमेकांसाठी करतो.

सध्या दुसऱ्या युनिटची तयारी चालू आहे. त्याची प्रमुख म्हणून आम्ही इन्स्पेक्शन विभागातल्या एका मुलीची निवड केली आहे. वयाने लहान, हाताखाली येणारे काही जण तिच्याहून बरेच मोठे. जबाबदारी स्वीकारण्याआधी तिने दोन गोष्टी मागितल्या. डिस्पॅच रोखून धरण्याचा अधिकार तोंडी नको, लेखी हवा. आणि तिने माल रोखला तर ग्राहकाला फोन आम्ही दोघांपैकी एकाने करायचा, तिच्या माणसांनी नाही. भागीदारांनी तिच्यासमोरच ते पत्र टाइप करून घेतलं आणि आम्ही दोघांनी त्यावर सह्या केल्या.