टिकटिक की चुकचुक

"आवाज कसा येतोय?"

"टिकटिक येतोय."

"तोंडानं काढून दाखवा की."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चहूकडून लेथ आणि ग्राइंडर कानात घुसत असताना, गॅरेजातल्या तीन पोरांच्या देखत मी जीभ टाळ्याला लावून टिक-टिक-टिक केलं. पोरांपैकी कुणी हसलं नाही. त्यांना हे रोजचं असावं. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकानं दोन्ही हात हवेत धरून "घुंईंई" असा काहीतरी डिफरन्शियलचा आलाप घेतला होता, तोही सगळ्यांनी गंभीरपणे ऐकून घेतला होता.

मिस्त्रींनी मान हलवली. "टॅपेट."

गाडी जिप्सी किंग, 1998 सालची. जिप्सी आली 1985 च्या डिसेंबरात, तेव्हा तिचं इंजिन 970 सीसीचं होतं. 1996 ला 'किंग' आली ती 1298 सीसीची. माझीला कार्ब्युरेटर आहे, इंजेक्शन नंतर 2000 साली आलं. 2019 ला जिप्सी सामान्य गिऱ्हाइकाला मिळायचीच थांबली, तोवर ती लष्करात, पोलिसांत आणि जंगलात इतकी मुरली होती की ताडोब्याला आजही सफारीच्या गाडीला लोक सरसकट जिप्सीच म्हणतात. माझी जिप्सी वाघाबिघाच्या वाटेला गेलेली नाही. पावसात गगनबावडा, उन्हाळ्यात दाजीपूर, आणि वर्षातून दोनदा कुणाच्या तरी शेतात चिखलात रुतलेला ट्रॅक्टर बघायला. (ओढायला नाही. एकदा ओढायला गेलो आणि फोर-व्हीलचा दांडा टाकूनही चारही चाकं जागच्या जागी फिरली. त्यानंतर बघायलाच जातो.)

हूड कापडी आहे, त्यामुळे गाडीत कुठलाही आवाज लपत नाही. करूळ घाटात कातळाला घासून जाताना तर आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत अंगावर येतो. गाडीचं दुखणं ऐकायचं तर काच खाली करून एखाद्या लांबलचक कंपाउंडच्या भिंतीलगत हळू चालवावी, हे मला जिप्सीनंच शिकवलं. पण ही टिकटिक घाटात ऐकू येत नव्हती. ती यायची सकाळी, घरासमोर, गाडी सुरू केल्यावरची पाच-सात मिनिटं. माझं तिकडे लक्ष गेलं नाही, आणि गोंधळ झाला तो तिथेच.

मी ज्याला ज्याला टिकटिक म्हणून सांगितलं त्या प्रत्येकानं टॅपेट म्हटलं. त्यांचंही बरोबर. या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा फिरता दांडा रॉकर नावाची तरफ ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह, म्हणजे झडप दाबतो, आणि रॉकर-व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम केसाएवढी फट ठेवलेली असते. टॅपेट म्हणतात तो हाच सांधा. इंजिन थंड असताना इनलेटला (हवा आत घेणाऱ्या झडपेला) 0.13 ते 0.17 मिलिमीटर, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणारीला) 0.16 ते 0.20. फट वाढली की रॉकर टोपीवर टिचकी मारल्यासारखा वाजतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे गाडी उभ्यानं मिनिटाला साडेआठशे फेरे घेत असेल तर एका व्हॉल्व्हची टिकटिक सव्वाचारशे वेळा, सेकंदाला सातच्या आसपास. आपण त्याला घड्याळाचं नाव दिलंय खरं, पण वडिलांच्या चावीच्या मनगटी घड्याळाचे ठोके तासाला अठरा हजार, म्हणजे सेकंदाला पाचच. इंजिनची टिकटिक घड्याळापेक्षा शिंप्याच्या मशीनच्या जास्त जवळची.

तर टॅपेट. मिस्त्रींनी रॉकरचं झाकण उघडलं, फट मोजायच्या फिलर गेजची पानं पंख्यासारखी पसरली, आणि एकेक सिलिंडर टॉपला आणून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर अशी जोडी चालवायला सुरुवात केली. मी बाजूला उभा राहून शहाणपणा केला. "जरा टाइटच ठेवा, म्हणजे आवाज अजिबातच नको."

मिस्त्रींनी हात थांबवला. "सर, वाजणारा टॅपेट परवडतो. मुका परवडत नाही."

त्याचा अर्थ मला नंतर नीट कळला. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पुरता बसत नाही. आणि व्हॉल्व्ह गार होतो तो बहुतांशी बसल्यावरच, त्याची उष्णता टेकलेल्या कडेतून हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात उतरते. टेकू दिला नाही की एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची कड जळते, आणि हे सगळं अगदी शांतपणे होतं. गाडी गोड चालतेय म्हणून आपण खूश, आतमध्ये व्हॉल्व्ह करपतोय.

दोन टॅपेट सैल निघाले. ते बसवले, झाकण लावलं, गाडी सुरू केली. गुळगुळीत. मी पैसे दिले, कळंब्याला घरी आलो, झोपलो.

सकाळी सातला किल्ली फिरवली. टिक-टिक-टिक.

दोन दिवसांनी पुन्हा उद्यमनगर. तिथं पोचलो तर आवाज नाही. या वेळी मिस्त्रींनी हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला. मग मलाही दिला. एवढ्यासाठी तरी प्रत्येकानं एकदा गाडी बिघडवून घ्यावी. अल्टरनेटरला टोक टेकवलं की दूरच्या गिरणीसारखी सूं. वॉटर पंपाला लावलं की पाणी घोळवल्याची खळखळ. पेट्रोल पंपाला स्वतःची बारीक टकटक, कारण त्याचा दांडाही कॅमशाफ्टच ढकलतो. आणि रॉकरच्या झाकणावर अख्खा शिंपीवाडा. बाहेरून जो एकच आवाज वाटत होता त्यात इतकी बिऱ्हाडं नांदत होती. पण माझी टिकटिक त्यात कुठंच नव्हती.

"गाडी इथं आली की गप बसते," मी जरा ओशाळून म्हणालो. मास्तरांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोराच्या बापाचा चेहरा झाला असणार माझा.

कोडं सुटलं ते शेजारच्या काकूंमुळे. त्या रोज सकाळी दारात रांगोळी घालतात, म्हणजे माझ्या गाडीचा थंड आवाज माझ्याखालोखाल त्यांनीच ऐकलेला. त्या दिवशी मी बॉनेट उघडून आत डोकं घातलेलं बघून त्या कुंपणाशी आल्या.

"काय रं, गाडीत पाल शिरलीया व्हय?"

"पाल?"

"चुकचुकतीया न्हवं रोज."

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. आणि मग मला ते घड्याळ ऐकू येईनाच. आवाज धातूवर धातू आपटल्याचा नव्हता. त्यात जरा ओल होती, हवा होती. जीभ टाळ्याला लावून सोडली की टिक, पण दातांमागून हवा आत ओढली की चुक. मराठीत या दोहोंसाठी वेगळे शब्द आहेत, आणि मी गॅरेजात जाऊन बेधडक चुकीचा सांगितला होता. आपल्याकडे दार टकटकतं, सुतार ठकठक करतो, बैलगाडी खडखडते, बेल्ट कुईकुई करतो, माणूस कटकट करतो. मोटरसायकलला तर आपण तिच्या धुराड्याच्या आवाजावरून फटफटी असं नावच देऊन टाकलं. एवढी भरलेली पेटी हाताशी असून मी त्यातला पहिला हाताला लागलेला पाना उचलला होता.

मिस्त्रींना फोन केला. "काकू म्हणतात पाल चुकचुकल्यासारखा येतोय."

पलीकडे दोन क्षण शांतता. "गरम झाल्यावर जातोय?"

"हो."

"हे आधी सांगायचं की ओ! टॅपेट गरम झाल्यावर वाढतोय, जात नाही. आज रात्री गाडी इथंच लावा."

वाढतो याला कारण आहे. हेड अल्युमिनियमचं. ते तापून फुगलं की कॅम आणि रॉकर वर उचलले जातात आणि फट मोठी होते. कंपनीच्या पुस्तकात गरम इंजिनसाठीचा इनलेटचा आकडा 0.23 ते 0.27 असा एक दशांश मिलिमीटरनं जास्त दिलेला असतो, तो यासाठीच. हे पुस्तक माझ्या कपाटात होतं. आकडे मी वाचले होते. पण तापल्यावर मिटणारा आवाज टॅपेटचा कसा असेल, एवढं त्या आकड्यांना विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठला मी गॅरेजात हजर. रात्रभर गार पडलेली गाडी सुरू केली आणि चुकचुक सुरू झाली, साऱ्यांसमोर. मला पोरगा पास झाल्यासारखा आनंद झाला. मिस्त्रींनी एका पोराला जाड फडकं घेऊन सायलेन्सरच्या तोंडावर धरायला सांगितलं. फडकं दाबताच चुकचुक वाढली. मग पकडीनं एकेका प्लगची वायर काढून बघितली. पहिली काढली, दुसरी काढली, तिसरी काढली, गाडी अडखळली पण आवाज तसाच. चौथी काढली आणि पाल गप्प. टॅपेट असता तर त्याला प्लग जळतोय की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं, तो वाजतच राहिला असता. आता स्क्रू-ड्रायव्हर बाजूला पडला आणि हातभर रबरी पाइप आला, कारण स्क्रू-ड्रायव्हरला धातू ऐकू येतो, पाइपला हवा. एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या, कडेनं सरकत सरकत शेवटच्या सिलिंडरपाशी थांबलं.

"हवा मारतंय. पत्रा खोला."

मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं झाकण निघालं. खाली हेडवर काजळीचा एक झुपकेदार काळा फराटा होता, देवळीत दिवा लावतात तिथं उठतो तसा. मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा स्टड तुटलेला. हेड अल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं, आणि तापल्यावर अल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. सत्तावीस वर्षं रोज गरम, रोज गार. दोघांच्या या ओढाताणीत त्यांना जोडणाऱ्या स्टडनं मान टाकली होती. थंड असताना पॅकिंगजवळ बारीक फट, तिच्यातून दर दोन फेऱ्यांना धुराची एक फुंकर, म्हणजे टॅपेटच्याच तालात. दोघांची गल्लत होते ती यामुळे. मॅनिफोल्ड तापून फुगलं की फट मिटायची. कळंब्याहून उद्यमनगरात येईपर्यंतचा रस्ता त्याला पुरायचा.

आत मोडून राहिलेला स्टड कसा काढतात ते मी श्वास रोखून बघितलं. मिस्त्रींनी मोडक्या तुकड्यावर एक नट धरला आणि वेल्डिंगनं तो तुकड्यालाच चिकटवला. पोलाद पोलादाला चिकटतं, अल्युमिनियमला नाही. शिवाय त्या आगीनं गंजाची पकडही सुटते. लाल झालेला नट निवेपर्यंत चहा. मग पाना लावला आणि हळू, अर्धा पुढे, अर्धा मागे, असं समजूत काढत काढत तुकडा बाहेर आला. नवा स्टड, नवं पॅकिंग.

आज सकाळी सातला किल्ली फिरवली. काकू रांगोळीवरून उठून कुंपणाशी आल्या, मान तिरकी करून ऐकत राहिल्या.

"पाल गेली की रं."

"गेली."

"पर शिलाई मशीन ऱ्हायलंय अजून."

"ते राहू दे म्हणालेत, काकू."