युद्धात हरले, तहात जिंकले : ‘मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स’च्या शेवटाबद्दल

‘मॅट्रिक्स’ मालिकेचा तिसरा भाग ‘द मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स’ 5 नोव्हेंबर 2003 रोजी बऱ्याच देशांत एकाच क्षणी पडद्यावर आला. लंडनमध्ये तेव्हा दुपारचे 2 वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 आणि टोकियोत रात्रीचे 11. त्या दिवशी प्रेक्षकांत जे दोन तट पडले ते अजून मिटलेले नाहीत. समीक्षकांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच चित्रपट आवडला. रॉजर ईबर्टने मात्र चारपैकी तीन तारे दिले. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या दुसऱ्या भागाने, ‘रीलोडेड’ने, जगभरात सुमारे 74 कोटी डॉलरचा गल्ला जमवला होता. ‘रिव्होल्यूशन्स’ची गाडी 43 कोटींच्या आसपास थांबली, म्हणजे 1999 च्या पहिल्या भागाच्याही मागे. 2021 मध्ये चौथा भाग आला खरा, पण वाद आजही होतो तो तीन भागांच्या या शेवटावरच.

नाराज तटाचं म्हणणं आपल्याकडच्या एका जुन्या वाक्प्रचारात बसतं : युद्धात कमावलं, तहात गमावलं. या कथेत यंत्रांनी माणसांना पेशीघरांत झोपवून मॅट्रिक्स नावाच्या आभासी जगात अडकवलेलं आहे, आणि त्यातून सुटलेला निओ हा त्यांचा तारणहार मानला जातो. पहिल्या भागाच्या अखेरीस निओ फोनवरून यंत्रांना बजावतो की मी लोकांना सत्य दाखवणार आहे. मग शेवटी काय होतं? मॅट्रिक्स तशीच चालू राहते, अब्जावधी माणसं पेशीघरांत तशीच पडून राहतात, यंत्रं राज्य करतात, आणि निओचा देह यंत्रं उचलून नेतात. ही कसली क्रांती?

माझं मत नेमकं उलट आहे. इथे युद्ध हरलेलं आहे, आणि जे काही कमावलं ते तहात. हे पटायचं असेल तर तह झाला त्या घडीला कोणाच्या हातात काय होतं, त्याचा हिशेब मांडावा लागतो.

झायॉनवर, म्हणजे सुटलेल्या माणसांच्या शेवटच्या शहरावर, चालून येणारे सेंटिनेल, म्हणजे यंत्रांचे मारेकरी रोबो, अडीच लाख. ‘रीलोडेड’मध्येच हा आकडा सांगितलेला आहे : शहरातल्या प्रत्येक पुरुषामागे, बाईमागे आणि पोरामागे एक. शहराकडे सेंटिनेलना हमखास मारणारं हत्यार एकच, ईएमपी म्हणजे विद्युतचुंबकीय स्पंद. तो जहाजावर बसवलेला असतो आणि त्याच्या टप्प्यात जे जे विजेवर चालतं ते सगळं बंद पाडतो, स्वतःचं जहाज धरून. कप्तान नायोबी ‘हॅमर’ हे जहाज अरुंद बोगद्यातून हाकत आणते, गोदीत घुसते आणि ईएमपी सोडते. सेंटिनेल खाली कोसळतात, आणि शहराची तोफखाना यंत्रणाही त्याच फटक्यात मरते. सेनापती लॉक यावर चिडतो तेव्हा बरेच प्रेक्षक त्याला खडूस ठरवून मोकळे होतात. त्याचा हिशेब मात्र चोख आहे. एक लाट थोपवण्यासाठी पुढच्या सगळ्या लाटांपुढे गोदी उघडी पडली. पुढची लाट आल्यावर मंदिराच्या दारामागे जमून वाट पाहण्यापलीकडे शहराच्या हाती काही उरत नाही. निओ यंत्रांच्या शहरात पोचतो तेव्हा झायॉन लढाई हरलेलं आहे. हा मुद्दा नजरेतून सुटला की पुढचा तह मिळमिळीत वाटतो.

मग निओच्या हाती हुकमाचं पान कोणतं? स्मिथ. पहिल्या भागात निओ या एजंटच्या, म्हणजे मॅट्रिक्सची राखण करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, शरीरात शिरून त्याला फोडतो. त्यात स्मिथ नष्ट होत नाही, यंत्रणेपासून सुटा होतो. ‘रीलोडेड’मध्ये तो इतरांवर हात ठेवून स्वतःच्या प्रती काढायला लागतो आणि बेन नावाच्या माणसाच्या डोक्यात शिरून खऱ्या जगातही येतो. ‘रिव्होल्यूशन्स’मध्ये तो निओला वाट दाखवणाऱ्या ओरॅकल या भविष्यवेत्त्या प्रोग्रॅमलाही गिळतो आणि मग अख्खी मॅट्रिक्स स्मिथमय होते. यंत्रांना तो आवरत नाही, कारण तो आता त्यांच्या आज्ञावलीत नाही. निओ नेमकं हेच बोलून दाखवतो : तुमचा प्रोग्रॅम तुमच्या हातातून गेला आहे, तो मी थांबवतो, बदल्यात शांतता द्या. मागणी एवढीच. सौदा टिकतो याचं कारण यंत्रांची दया नव्हे, त्यांची गरज.

स्मिथचा अंत कसा होतो यावर सर्वांत जास्त गोंधळ आहे, कारण चित्रपट ते तोंडाने सांगत नाही, दाखवतो. निओचा देह यंत्रांच्या शहरात आहे आणि तो यंत्रांच्याच तारांनी मॅट्रिक्सला जोडलेला आहे. आत, पावसात, त्याच्याशी झुंजणारा स्मिथ हा ओरॅकलला गिळलेला स्मिथ आहे. हे क्षण आपण आधी पाहिलेत असं म्हणत तो एक वाक्य बोलून जातो आणि आपण हे का बोललो म्हणून स्वतःच दचकतो. ते वाक्य ओरॅकलने आधी निओला ऐकवलेलं असतं. निओला खूण पटते आणि तो लढणं थांबवतो. स्मिथ त्याच्यावर स्वतःची प्रत चढवतो, आणि त्या क्षणी सुटा झालेला स्मिथ निओच्या देहातून थेट यंत्रांच्या मुळाशी जोडला जातो. बाहेर देहातून प्रकाशाचा लोळ जातो, आत एकामागून एक स्मिथ फुटतात. पाणी ओसरल्यावर खड्ड्यात ओरॅकल पडलेली दिसते. त्यामुळे निओ मार खाऊन हरला आणि यंत्रांनी त्याला वाचवलं, हे वाचन चुकीचं ठरतं. त्याने स्वतःला तार म्हणून वापरू दिलं.

असंच आणखी एक उत्तर अनेकांच्या हातून निसटतं. ‘रीलोडेड’च्या शेवटी निओ खऱ्या जगात सेंटिनेल थांबवतो आणि कोसळतो. त्यानंतरचे जवळजवळ सहा महिने चाहत्यांनी एकच सिद्धान्त घोटला : खरं जगसुद्धा दुसरी मॅट्रिक्स असणार. तिसऱ्या भागात ओरॅकल हे सुरुवातीलाच निकालात काढते. निओची शक्ती मॅट्रिक्सपुरती नाही, ती जिथून आली त्या मुळापर्यंत, म्हणजे यंत्रांच्या स्रोतापर्यंत पोचते. सेंटिनेलना हात लावला तेव्हा त्याला तेच जाणवलं, फक्त त्याची तयारी नव्हती. स्वयंपाकघरातला हा संवाद फार शांत आहे. सहा महिने धक्क्याची वाट पाहणाऱ्याला ते उत्तर आहे हेसुद्धा कळलं नसेल. दिग्दर्शकांची ही चूक मी मान्य करेन : एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर इतक्या हलक्या आवाजात द्यायला नको होतं.

आता मोबिल अ‍ॅव्हेन्यूबद्दल. सुरुवातीला निओ एका पांढऱ्याशुभ्र, रिकाम्या रेल्वे स्थानकात अडकतो. ‘मोबिल’ची इंग्रजी अक्षरं उलटीपालटी केली की ‘लिंबो’ होतं, म्हणजे ना इकडे ना तिकडे अशी अधांतरी जागा. नाराज तटाला हा भाग वेळकाढू वाटतो. मला तो तिन्ही चित्रपटांचा कणा वाटतो. तिथे निओला एक कुटुंब भेटतं : रामा-कांद्रा, कमला आणि त्यांची मुलगी सती. तिघंही प्रोग्रॅम. बाप वीजकेंद्रातल्या पुनर्वापर यंत्रणेचा व्यवस्थापक, आई सॉफ्टवेअर घडवणारी. सतीला नेमून दिलेलं काम नाही, म्हणून यंत्रांच्या नियमाने ती पुसली जाणार. आईबाप तिला लपवून मॅट्रिक्समध्ये पाठवत आहेत. प्रोग्रॅमच्या तोंडी प्रेम हा शब्द ऐकून निओ चकित होतो. रामा-कांद्रा त्याला समजावतो की प्रेम हा शब्द आहे, महत्त्व त्यामागच्या नात्याला. कर्म हाही शब्दच, आपण इथे जे करायला आलो त्याचं नाव.

‘रीलोडेड’मधला स्मिथ आठवा. हेतूशिवाय आपण कोणी नाही, हाच त्याचा सगळा त्रागा. त्याच्यासमोर दिग्दर्शकांनी हेतूच नसलेली एक मुलगी उभी केली आहे. हेतू हरवल्यावर स्मिथ जग गिळायला निघतो. सती शेवटच्या दृश्यात निओसाठी आभाळात सूर्योदय रंगवते, कोणी सांगितलेलं नसताना. त्या दृश्यात एक तांत्रिक गोष्ट बघा. तिन्ही चित्रपटांत मॅट्रिक्सच्या आतल्या दृश्यांवर हिरवट छटा असते आणि खऱ्या जगावर निळसर. या सकाळी ती हिरवी झाक गेलेली आहे. मॅट्रिक्स तीच, पण रंग मोकळे. तहाचं पहिलं कलम आपल्याला दिसतं ते असं. दुसरं कलम तिथेच बाकाजवळ ओरॅकल मॅट्रिक्स घडवणाऱ्या आर्किटेक्ट या प्रोग्रॅमकडून वदवून घेते : ज्यांना बाहेर पडायचं आहे त्यांना सोडलं जाईल. शांतता किती टिकेल हे दोघांपैकी कोणीही छातीठोकपणे सांगत नाही.

या तहाला मागची बाजूही आहे, पण ती चित्रपटात नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. 2003 मध्ये वाचोव्स्की भगिनींनी कथा तीन ठिकाणी वाटली : चित्रपट, ‘अ‍ॅनिमॅट्रिक्स’ हे नऊ लघु-अ‍ॅनिमेशनपट आणि ‘एंटर द मॅट्रिक्स’ हा व्हिडिओ गेम. गेमसाठी जवळजवळ तासभराचं चित्रीकरण वेगळं केलं होतं. त्यामुळे काही दुवे चित्रपटगृहातल्या प्रेक्षकापर्यंत पोचलेच नाहीत. ओरॅकलचा चेहरा बदलला, कारण ग्लोरिया फॉस्टर यांचं सप्टेंबर 2001 मध्ये निधन झालं आणि भूमिका मेरी अ‍ॅलिस यांनी केली. कथेतलं कारण गेममध्ये स्पष्ट होतं : सतीला वाचवण्याच्या बदल्यात तिच्या बापाने ओरॅकलच्या बाह्यरूपाचा नाश करणारी संकेतावली मेरोव्हिंजियन या फरार प्रोग्रॅमांच्या म्होरक्याला दिली. चित्रपटात याचे फक्त ओझरते उल्लेख आहेत. किड नावाचा पोरगा निओच्या मागे का लागलेला असतो, तेही अ‍ॅनिमेशनपटात. आणि सर्वांत महत्त्वाचं ‘सेकंड रेनेसाँ’ या दोन भागांत : यंत्रांनी ‘01’ नावाचं राष्ट्र वसवलं, संयुक्त राष्ट्रांत शांततेने प्रवेश मागितला आणि माणसांनी तो नाकारला. हे पाहिलेलं असेल तर निओचं यंत्रांच्या शहरात निःशस्त्र जाणं फार वेगळं दिसतं. एकदा यंत्रांचा दूत माणसांच्या दारातून परत गेला होता. या वेळी माणसांचा दूत यंत्रांच्या दारात उभा आहे आणि त्याचं ऐकून घेतलं जातं.

हे सगळं मान्य करूनही चित्रपटाच्या बांधणीतले दोष झाकता येत नाहीत. गोदीतली लढाई तांत्रिकदृष्ट्या आजही थक्क करते, पण त्या लांबलचक पट्ट्यात निओ आणि त्याची प्रेयसी ट्रिनिटी दोघंही नाहीत. लढणारे लोक, कॅप्टन मिफुने, किड, झी, आपल्याला पुरेसे माहीत नाहीत, त्यामुळे मिफुने पडतो तेव्हा आदर वाटतो, पोटात कालवत नाही. एपीयू या चालत्या यंत्रात चालकासमोर कसलंही कवच का नाही, हा प्रश्न पहिल्या मिनिटाला पडतो आणि शेवटपर्यंत छळतो. निओला शोधून काढणाऱ्या मॉर्फिअसची तारणहाराच्या भाकितावरची श्रद्धा ‘रीलोडेड’मध्ये मोडली. त्या मोडण्याचं पुढे काय होतं हे तिसऱ्या भागात यायला हवं होतं, पण तो नायोबीच्या शेजारी सहचालक म्हणून बसतो. मेरोव्हिंजियन आणि त्याची बायको पर्सेफोनी क्लबमधल्या एका प्रसंगानंतर गायब होतात. ट्रिनिटीचा मृत्यूही लांबला आहे. ढगांच्या वर येऊन तिला खरं आभाळ दिसतं तो एक क्षण इतका पूर्ण आहे की पुढच्या संवादाचा अर्धा भाग कापला असता तर चाललं असतं.

पुन्हा पाहायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. पहिला भाग आणि ‘सेकंड रेनेसाँ’चे दोन्ही तुकडे एका दिवशी. मग दुसऱ्या दिवशी आधी त्याच अ‍ॅनिमेशन संचातले ‘किड्स स्टोरी’ आणि ‘फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस’, त्यानंतर ‘रीलोडेड’ 138 मिनिटं आणि ‘रिव्होल्यूशन्स’ 129 मिनिटं, सलग. दोन्हींचं चित्रीकरण एकत्रच झालं आणि ते एकच साडेचार तासांचा चित्रपट म्हणून लिहिलेले वाटतात. मध्ये सहा महिने गेले म्हणून 2003 मध्ये जे तुटक वाटलं, त्यातलं बरंचसं सलग पाहताना जुळून येतं. फोनवर पाहू नका, गोदीतली लढाई आवाजाच्या खालच्या पट्टीवर उभी आहे.

श्रेयनामावली सुरू झाल्यावरही बसून राहा. डॉन डेव्हिस आणि जुनो रिअ‍ॅक्टर यांच्या ‘नवरस’ या रचनेत बृहदारण्यक उपनिषदातलं ‘असतो मा सद्गमय’ गायलं जातं. अंतिम झुंजीमागच्या समूहगानातही तीच प्रार्थना आहे. आपल्यातल्या अनेकांना शाळेच्या प्रार्थनेपासून ती तोंडपाठ असते, म्हणून पावसातली ती झुंज मराठी कानांना अर्थासकट ऐकू येते. आणि सतीचं पुढे काय झालं हे हवं असेल तर 2021 चा ‘रेझरेक्शन्स’ आहे. त्यात ती मोठी झाली आहे आणि भूमिका प्रियांका चोप्रा जोनस यांनी केली आहे. तिच्या आईबापांचं काय झालं, तेही तिथे कळतं.