दादाची सोमालियातली पत्रं

रविवार, रात्र

दादाचं वर्षश्राद्ध उरकून परवा म्हसवडहून परत आले. निघताना वहिनीने पत्रांची पिशवी हातात दिली. म्हणाली, "तुमचीच आहेत ही, वन्सं. तुम्हीच ठेवा." पाकिटांवर नाव आबांचं आहे. पण आबांना अक्षरओळख नव्हती, आईला तर नव्हतीच, त्यामुळे वाचायची मीच. दादाला ते ठाऊक होतं. वरती "ती. आबा व आईस शिरसाष्टांग नमस्कार" एवढं झालं की खाली सगळं मलाच: बाळे, हे आईला हळू वाच, हे आबांना दोनदा सांग.

पत्रं १९९३-९४ची. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर आपली ६६वी स्वतंत्र ब्रिगेड सोमालियात गेली होती, मुख्यालय बायडोआला. दादा त्यात नाईक. १९९२च्या दुष्काळात आणि टोळ्यांच्या लढाईत त्या गावात इतकी माणसं मेली की लोक त्याला मृत्यूचं शहर म्हणायचे. हे मी पुढे कधीतरी वर्तमानपत्रात वाचलं. दादाच्या पत्रांत ते शहर नाहीच म्हटलं तरी चालेल. त्यात जनावरं आहेत.

आज दुपारी जेवण झाल्यावर सगळी पत्रं ओळीने लावली. मेंढरांचं पत्र सगळ्यात आधीचं. "इथली मेंढरं पांढरीधोप, मुंडकं तेवढं काळं कुळकुळीत. शेपटीच्या बुडाशी चरबीचा गोळा. अंगावर लोकर नाही, नुसते केस." आबा हातातली तंबाखू तशीच ठेवून म्हणाले होते, "लोकर नाही ती मेंढी कसली? मग घोंगडी कशाची विणत्यात? विचार त्याला." विचारलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. घोंगडी नाहीच, बायका चटया विणतात, त्या घरावर घालतात, आणि मुक्काम हलला की काठ्या, चटया, सगळं घर उंटावर लादून निघतात. हे आबांना एकदम पटलं. पालं पाठीवर घेऊन कोकणाच्या अंगाला मेंढरं नेलेला माणूस, त्याला आणखी काय समजावून सांगायचं?

उंटिणीचं पत्र सगळ्यात लांब, चार पानी. दादाने ते नुसतं लिहिलं नाही, बाजारात जनावर पारखावं तसं पारखून लिहिलंय. दात किती, कास कशी, वशिंड कधी भरतं, कधी उतरतं. "सड चार. दोन माणसाचे, दोन पिलाचे. आधी पिलू सोडतात. पान्हा फुटला की बाप्या एका पायावर उभा राहतो, दुसरं पाऊल गुडघ्याला टेकवतो, मांडीवर भांडं तोलून दोन्ही हातांनी पिळतो. उंटिणीची धार बाप्यानेच काढायची. शेळ्यामेंढ्या बायकांकडे." आई लगेच म्हणाली, "बरं आहे की, तेवढं तरी बाईचं काम कमी." दुधाच्या भांड्याला आतून निखाऱ्याची धुरी देतात, त्यामुळे दूध टिकतं आणि धुरकट लागतं, असंही लिहिलंय. त्याला ते पहिल्यांदा प्यायल्यावर काय झालं ते मात्र इथे लिहीत नाही, आईने ऐकताना पदर तोंडाला लावला होता.

डिकडिकचं पत्र माझं. खास माझ्यासाठी आलेलं तेवढं एकच. कोकरापेक्षा लहान हरीण, पाय काडीसारखे, नाक लांबट आणि सारखं हलतं. कायम जोडीने. डोळ्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका असतो, त्यातून चिकट रस येतो, आणि ते हरीण काडीचं टोक नेमकं त्या ठिपक्यात घालून रस लावून ठेवतं, हद्द सांगायला. "बाळे, काडी डोळ्यात जाईल म्हणून माझाच जीव खालीवर. पण चुकत नाही." गस्तीवर असताना माणूस हे बघत उभा होता! हातात बंदूक, भोवती काटेरी झुडपं, आणि लक्ष काडीच्या टोकावर.

लंगरामागे कचऱ्यात उभ्या राहणाऱ्या टकल्या मोठ्या करकोच्याबद्दल दोन-चार ओळी आहेत. जवानांनी त्याला एका साहेबाचं नाव ठेवलं होतं. ते नाव त्याने लिहून नीट खोडलंय.

वहिनीचं म्हणणं, घरच्यांना घोर लागू नये म्हणून ते जनावरांचं लिहायचे. वर्षश्राद्धाला आलेल्या त्यांच्या पलटणीतल्या एकानेही तेच सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पुरतं पटत नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बायडोआच्या रस्त्यावर आपले सात जवान घात लावून मारले, आणि महिनाअखेर बायडोआतच रॉकेटच्या माऱ्यात लष्कराचे तीन डॉक्टर गेले. त्यानंतरचं पत्र आज हातात आहे. "आपले तीन डॉक्टर गेले. त्यातल्या एकांनी माझ्या पायाचं गळू कापलं होतं. आईला सांगू नको." म्हणजे लपवलं नाही त्याने; मला, नववीतल्या पोरीला, सरळ सांगितलं. आणि त्याच्याच खाली, शाई तीच, जुन्या कासवाचं वर्णन. पाठीवरच्या खवल्यांच्या रेघा मोजायला बसला होता, कासव चालू लागलं आणि मोज चुकली. याला कुणी आडपडदा म्हणो. लहानपणीही तो असाच होता. चुलत्याच्या मयतीला सगळे रडत होते तेव्हा हा गोठ्यात व्यालेल्या शेळीपाशी बसला होता, आणि आबांनी त्यावरून त्याला झोडला होता. त्याला दुःख नव्हतं असं नाही. पण जनावर दिसलं की त्याचं लक्ष तिकडे जायचंच, मग पुढे काहीही चाललेलं असो.

आईला मी ती ओळ वाचून दाखवली नाही. कासवाचं दोनदा वाचलं.

त्या वर्षअखेरीस ब्रिगेड परतली आणि दादा सुट्टीवर घरी आला. पिशवीतून खजूर निघाले, आईला चादर निघाली. आबांचा पहिला प्रश्न उंटिणीचा: गाभण किती महिने? दादा म्हणाला, तेरा. आबा म्हणाले, म्हैस दहा महिन्यात उरकते, हिला तेरा कशाला? दादाने शपथ घेतली, ज्याच्या उंटिणी होत्या त्या म्हाताऱ्याने बोटांवर मोजून दाखवलं होतं म्हणाला. मग अंगणात एका पायावर उभा राहून, मांडीवर तांब्या ठेवून धार कशी काढतात तेही करून दाखवलं, आणि तांब्यासकट आडवा झाला. आबा हसले, पण तेरा महिने त्यांनी शेवटपर्यंत मानले नाहीत. चावडीवर सांगताना ते अकरा सांगायचे.