टेबलावर पहिले, तरी चॅम्पियन्स अवॉर्ड दुसऱ्यांना का?

फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेतल्या चॅलेंज गटाचा बक्षीस समारंभ आटोपला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: रोबोट गेममध्ये (टेबलावरच्या रोबोट सामन्यांत) आमची मुलं पहिली, मग चॅम्पियन्स अवॉर्ड दुसऱ्या संघाला कसा? निकाल लावण्याची पद्धत सीझनच्या सुरुवातीलाच समजून घेतली, तर हा प्रश्न उरत नाही, आणि तयारीचं वेळापत्रकही वेगळं आखलं जातं.

हा अवॉर्ड चार भागांवर ठरतो: रोबोट परफॉर्मन्स (टेबलावरचा स्कोअर), रोबोट डिझाइन (रोबोटची रचना आणि प्रोग्राम), इनोव्हेशन प्रोजेक्ट (एखाद्या समस्येवर मुलांनी शोधलेला उपाय) आणि कोअर व्हॅल्यूज (संघभावना आणि वागणूक). चारही भागांना सारखंच वजन, प्रत्येकी २५ टक्के. महत्त्वाचं म्हणजे इथे गुण नव्हे, प्रत्येक भागातले क्रमांक एकत्र केले जातात. समजा, एक संघ टेबलावर १ला, डिझाइनमध्ये ९वा, प्रोजेक्टमध्ये ११वा आणि कोअर व्हॅल्यूजमध्ये ७वा आला. बेरीज २८. दुसरा अनुक्रमे ६वा, ४था, ३रा आणि ५वा आला. बेरीज १८. दुसरा संघ खूप पुढे आहे. टेबलावर तुम्ही ५ गुणांनी पुढे असा नाहीतर १०० गुणांनी, क्रमांक एकच मिळतो. म्हणून शेवटचे दोन महिने फक्त नवी मिशनं, म्हणजे रोबोटने टेबलावर करायची कामं, जोडत बसणं आम्हाला चुकीचं वाटतं.

आता टेबलाकडे. अडीच मिनिटांचे तीन सामने होतात आणि त्यातला सर्वांत जास्त स्कोअर धरला जातो. बरोबरी झाली तरच उरलेले दोन पाहिले जातात. त्यामुळे पहिल्या सामन्यात खात्रीचे रन, म्हणजे रोबोटच्या फेऱ्या, घ्यावेत. चांगला आकडा हाती आला की पुढच्या दोन सामन्यांत धोक्याचं मिशन मोकळेपणाने करून बघता येतं. बरेच संघ नेमकं उलट करतात.

काही गुण रोबोट हलण्याआधीच मिळतात. रोबोट आणि त्याला जोडायच्या सगळ्या अटॅचमेंट एकाच लाँच एरियात (रोबोट जिथून सोडतात त्या जागेत), १२ इंच उंचीच्या आत मावल्या तर तपासणीचे २० गुण. प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला संघाकडे ६ प्रिसिजन टोकन असतात. रोबोट होमच्या (टेबलावर त्याला हाताळायला मोकळीक असलेल्या जागेच्या) बाहेर असताना त्याला हात लावून थांबवलं की एक टोकन जातं. ५ किंवा ६ टोकन उरली तर ५० गुण, ४ उरली तर ३५, ३ ला २५, २ ला १५ आणि १ ला १०. म्हणजे पहिल्या हस्तक्षेपाची काही किंमत मोजावी लागत नाही, दुसऱ्याला मात्र १५ गुण जातात. रोबोट पहिल्यांदा अडकला तर उचलायला कचरू नका. दुसऱ्यांदा अडकला तर त्या रनमधून अजून किती गुण यायचे आहेत, हे ड्रायव्हरला पाठ असायला हवं.

सरावात चालणारा रन स्पर्धेत फसतो त्याची कारणं ठरलेली आहेत. स्पाइक प्राइम या लेगो रोबोट किटचा हब (रोबोटचा नियंत्रक) सुरू होताना हलत असेल तर जायरो (दिशा मोजणारा सेन्सर) वाहवत जातो. हब टेबलावर स्थिर ठेवूनच सुरू करावा आणि प्रत्येक रनच्या सुरुवातीला यॉ (वळणाचा कोन) शून्य करावा. बॅटरी उतरली की मोटर ढिली पडते, म्हणून सराव आणि सामना साधारण एकाच चार्जवर व्हावा. चाकांवर धूळ बसली की वळण चुकतं. सामन्याआधी ओल्या कापडाने पुसून वाळू द्यावीत. मॅट आणि भिंतीमधली फट प्रत्येक टेबलावर थोडी वेगळी असते, तेव्हा लांबच्या रनमध्ये एकदा तरी भिंतीला पाठ टेकवून रोबोट सरळ करून घ्यावा. कलर सेन्सर हॉलच्या उजेडाने गडबडतो, त्याला खाली, मॅटच्या जवळ आणि आडोशाला बसवावं.

सामना संपल्यावर कशालाही हात लावू नये. बहुतेक गुण शेवटच्या क्षणी टेबलावरचं मिशनचं मॉडेल ज्या स्थितीत असेल त्यावरून ठरतात. ‘पूर्णपणे आत’ आणि ‘अंशतः आत’ यांतला फरक मुलांना मिशननिहाय माहीत हवा. काही मिशनांत तुमची अटॅचमेंट मॉडेलला टेकलेली राहिली तर त्या मिशनचे गुणच मिळत नाहीत. रेफ्रींसोबत एका मुलाने प्रत्येक ओळ तपासावी आणि शंका असेल तर तिथेच, नम्रपणे विचारावं. खरंच ठरवता येत नसेल तर संशयाचा फायदा संघाला मिळतो. एकदा गुणपत्रक मान्य केलं की ते अंतिम. हेच रेफ्री प्रत्येक सामन्यात ग्रेशस प्रोफेशनॅलिझमसाठी (स्पर्धेतही सौजन्याने वागण्यासाठी) २, ३ किंवा ४ गुण देतात. ते रोबोटच्या स्कोअरमध्ये नाही, कोअर व्हॅल्यूजमध्ये जातात. ड्रायव्हर एकमेकांवर खेकसले तर त्याचा परिणाम इथे दिसतो.

जजिंगच्या खोलीत साधारण अर्धा तास मिळतो. प्रोजेक्टसाठी ५ मिनिटं सादरीकरण आणि ५ मिनिटं प्रश्न, रोबोट डिझाइनसाठीही तेवढंच. रुब्रिकमध्ये, म्हणजे जजच्या गुणतक्त्यात, प्रत्येक निकषाला १ ते ४. चौथी पातळी, एक्सीड्स, द्यायची तर जजना कारण लिहावं लागतं, आणि ते कारण त्यांच्या हाती देणं हे मुलांचं काम. ‘आम्ही खूप चाचण्या केल्या’ यातून जजना लिहिण्यासारखं काही मिळत नाही. ‘जुना हात १० पैकी ६ वेळा चालला, गिअर बदलल्यावर ९ वेळा’ यातून मिळतं. म्हणून चाचण्यांची वही पहिल्या आठवड्यापासून मुलांनीच लिहावी. प्रोग्रामची छापील प्रत आणि काढून टाकलेल्या अटॅचमेंटही खोलीत न्याव्यात. बोलणारं एकच मूल असेल तर ते जजना लगेच कळतं.

बक्षिसांबद्दल एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. जज ठरवतात त्यांपैकी एकच अवॉर्ड साधारणपणे एका संघाला मिळतो. रोबोट परफॉर्मन्स मात्र आकड्यांवर ठरत असल्याने त्यासोबत मिळू शकतो. त्यामुळे डिझाइनमध्ये पहिला आलेला संघ चॅम्पियन ठरला, तर डिझाइनचा अवॉर्ड पुढच्या संघाकडे जातो. नुसत्या ट्रॉफीवरून कोण कोणाच्या पुढे होतं ते ठरवू नये. ब्रेकथ्रू आणि रायझिंग ऑल-स्टार हे ऐच्छिक अवॉर्ड आहेत, प्रत्येक स्पर्धेत असतीलच असं नाही. ब्रेकथ्रू सीझनभरात मोठी प्रगती केलेल्या संघाला देतात, आणि नवख्या मुलांनी त्याचा मनापासून अभिमान बाळगावा.

घरी परतल्यावर रुब्रिक उघडा. १ आणि २ मिळालेले निकष आधी वाचा, शेजारी तिन्ही सामन्यांची गुणपत्रकं ठेवा आणि तिन्हींत मिळून एकदाच जमलेल्या मिशनांवर खूण करा. पुढच्या फेरीआधी नवं मिशन घेण्यापेक्षा ही मिशनं पक्की करण्यात वेळ घालवावा.