कॅरिओटाइप नॉर्मल आला, तरी थांबलो नाही

लेकाच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. त्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण बोलणं लांबतच गेलं, आणि जे शब्द यायचे ते नाकातून. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, नॉर्मल आल्यावर घरचे निर्धास्त झाले. मुलगे उशिराच बोलतात, हे तर ऐकून पाठ झालं होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या डॉक्टर मॅडमना मात्र पटेना. त्यांनी गुणसूत्रांची आणखी बारीक तपासणी, क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे लिहून दिली.

कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधारण ५० लाख बेसपेक्षा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) लहान तुकडा गळाला असेल, तर तिथे कळत नाही. मायक्रोअ‍ॅरेच्या चिपवर डीएनएचे लाखो छोटे नमुने बसवलेले असतात. मुलाच्या डीएनएला चमकणारा रंग लावून तो त्यावर सोडतात आणि लेझरने वाचतात. चमक जिथे कमी पडते, तिथला तुकडा नाही.

रक्ताआधी जेनेटिक काउन्सेलरने वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नात्यात लग्न झालंय का, कुणाचं मूल लहानपणी गेलं का? सासूबाईंनी त्यांच्या दगावलेल्या पहिल्या मुलाचं तिथे सांगितलं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काउन्सेलरने एक चौकोन वाढवला आणि त्यावर तिरपी रेघ ओढली.

संमतीपत्र सावकाश वाचा. ज्याचा अर्थ आज लागत नाही असाही बदल सापडू शकतो, हे त्यात लिहिलेलं असतं. रक्त थोडंसंच लागतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत, आणि मुलाला उपाशी ठेवावं लागत नाही. नमुना मुंबईला गेला. रिपोर्टला काही आठवडे लागले, ते दिवस फार जड गेले.

रिपोर्टमध्ये २२क्यू११.२१, म्हणजे बावीसाव्या गुणसूत्रावरची एक जागा, आणि शेवटी ‘×१’. म्हणजे दोन प्रती हव्यात तिथे एकच. सुमारे २५ लाख बेस गायब, म्हणूनच कॅरिओटाइपला दिसलं नव्हतं. हृदय, तोंडातली टाळू (म्हणून शब्द नाकातून), उशिरा बोलणं, सगळ्याचं मूळ एकच निघालं. मग रक्तातलं कॅल्शियम तपासलं, तेही कमी होतं आणि लगेच औषध सुरू झालं. किडनीची सोनोग्राफी झाली.

‘हे कुणाकडून आलं?’ सासूबाईंनी विचारलंच. आम्हा दोघांचीही तपासणी झाली, दोघांत काही नाही. दहातल्या नऊ मुलांमध्ये हा बदल नव्यानेच होतो, असं मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं. आता स्पीच थेरपी चालू आहे, आणि टाळूच्या ऑपरेशनचं पुढच्या तपासणीत ठरेल.