तुम्ही विचारलेत म्हणून : एका दिवसात आता दोनच घरे का?

दर वर्षी श्रमदानाचा दिवस जवळ आला की मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. पूर्वी आम्ही एका दिवसात नऊ घरे आणि दोन शाळा रंगवून, दुरुस्त करून देत असू. आता दोन घरे आणि एखादी शाळा, तीही अर्धीच, असे का? माणसे आपणहून राबायला येतात, रंगाचे डबे देणारे देतात, मग आम्ही अडवतो आहोत ते नेमके कोणाला? काही जण हे काळजीने विचारतात, काही जण रागाने. गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याने तर "तुम्हाला आता कामाचीच भीती वाटू लागली आहे" असे सर्वांसमोर म्हटले. आजवर मी "मनुष्यबळ कमी पडते" असे सांगून वेळ मारून नेली. ते खरे नव्हते. आता ते थोडेसे खरे झाले आहे, आणि त्याला कारणही कामे कमी घेण्याचा आमचा निर्णयच आहे.

सात वर्षांपूर्वी आमच्या यादीत एका वयस्क जोडप्याचे घर होते. काकू व्हीलचेअरवर होत्या आणि दारासमोर तीन पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी 15 सेंटिमीटरची, म्हणजे एकूण 45 सेंटिमीटरांचा चढ. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी 1 ला 12 हा हिशेब धरतात. उंचीच्या बारापट लांबी हवी. त्या हिशेबाने तेथे 5 मीटर 40 सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागणार होता, आणि पायऱ्यांपासून फाटकापर्यंत मोकळी जागा होती जेमतेम अडीच मीटर. हा हिशेब मला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय मला नाही. तो मी वाचला होता, माझ्या वहीत लिहूनही ठेवला होता. तरीही आम्ही 2 मीटर 40 सेंटिमीटर लांबीचा प्लायवूडचा रॅम्प बसवला, कारण तेवढाच संध्याकाळपर्यंत उभा राहणार होता.

आमच्यात एक निवृत्त गवंडीकाका होते. दुपारी त्यांनी चौकटीवर फळी टाकून पाहिली, एक पाऊल वर ठेवले, आणि म्हणाले, "ताई, हा चढ अंगावर येतोय. भिंतीच्या कडेने वळवून घ्यावा लागेल." वळवून घ्यायचा म्हणजे दोन टप्पे, मध्ये दीड मीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे, ते एका दिवसाचे काम नव्हते. मी त्यांना म्हणाले, "काका, मागून दोघे धरतील, होईल व्यवस्थित." हे वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते, कारण ते दोघे म्हणजे कोण, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनाला शिवलाच नाही. त्या घरात माणसेच दोन होती, आणि त्यांपैकी एक खुर्चीत बसलेले होते.

फळ्यांना आम्ही आदल्या दिवशीच लाल ऑइलपेंट लावून ठेवला होता. तो तकतकीत होता, छायाचित्रात फार सुंदर दिसत होता. रॅम्पच्या पृष्ठभागाला खडबडीतपणा लागतो, ओल्या रंगावर वाळू भुरभुरून तो सहज आणता येतो, हे कोणाला सुचले नाही, किंवा सुचलेही असेल आणि माझी घाई पाहून कोणी बोलले नसेल. चार वाजता चार तरुणांनी काकूंची खुर्ची वर नेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू हसत होत्या. त्या हसण्यात खोटे काही नव्हते, हे मला सांगितलेच पाहिजे. वर्षभरात पहिल्यांदा कोणी उचलून न घेता त्या स्वतःच्या दारातून आत गेल्या होत्या.

खुर्ची आणि माणूस मिळून 80 किलो धरले, तर 1 ला 12 च्या चढावर खुर्ची धरून ठेवायला साधारण साडेसहा किलोंचा जोर लागतो. आम्ही बांधलेल्या चढावर तो जवळजवळ 15 किलो होतो. चार तरुणांना त्याचे काहीच वाटले नाही. सत्तरी ओलांडलेल्या एकट्या माणसाला, उतरताना, उलट पावली, दिवसातून दोनदा तो पेलायचा होता.

अकराव्या दिवशी पाऊस झाला आणि खुर्ची काकूंच्या यजमानांच्या, म्हणजे त्या घरच्या काकांच्या, हातून सुटली. काकूंचे मनगट मोडले. मला हे आठवडाभराने समजले, तेही तिसऱ्याच व्यक्तीकडून. मी गेले तेव्हा काकू आत झोपल्या होत्या आणि काका ओसरीवर बसले होते. ओसरीच्या खांबाकडे माझे लक्ष गेले. आम्हीच लावलेला पिवळा रंग कंबरेच्या उंचीवर गोलाकार घासून निघाला होता आणि खाली एक दोरी गुंडाळून ठेवलेली होती. पहिल्याच दिवशी, आम्ही गेल्यानंतर, काकांना कळून चुकले होते की हा उतार आपल्याला झेपणारा नाही. म्हणून ते खुर्चीला दोरी बांधत, खांबाला तिचा एक वेढा देत आणि हळूहळू सैल सोडत काकूंना खाली उतरवत. त्या दिवशी दोरी ओली होती.

मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत, आणि मला नीट धरता आलं नाही. माफ करा."

मी त्यांना काय उत्तर दिले ते मी येथे लिहिणार नाही. ते पुरेसे नव्हते.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. पुढच्या वर्षीचे आवाहनपत्रक तोवर छापून आले होते. त्यावर त्याच रॅम्पचे छायाचित्र होते: टाळ्या, लाल रंग, काकूंचे हसू. मथळा माझाच होता, "एक दिवस, एक घर". सगळे समजल्यानंतरही मी ती पत्रके वाटली. दुसरी छापायला वेळ नव्हता, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. त्या वर्षी आमच्याकडे आजवरची सर्वांत जास्त माणसे आली.

तो मथळा लिहिणारी मी आजही माझ्याशी वाद घालते, आणि तिचे म्हणणे मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. ती म्हणते, नऊ घरांपैकी आठ घरांत कोणाला इजा झाली नाही. एका चुकीसाठी तू आठ घरांचे काम का थांबवलेस? चूक चढाची होती, दिवसाची नव्हती. मलाही बराच काळ तसेच वाटत होते. मग मी त्या उरलेल्या आठ घरांत जाऊन आले, काही देण्यासाठी नव्हे, केवळ पाहण्यासाठी. एका घरात आम्ही खिडकीच्या झडपा आणि चौकट एकाच हातासरशी रंगवली होती. रंग वाळला तशी खिडकी चिकटून बसली आणि तेव्हापासून ती उघडलीच नव्हती. दुसऱ्या घरात ओल असलेल्या भिंतीवर आम्ही चांगला महागडा रंग दिला होता. त्याचे हातभर पोपडे सुटून लोंबत होते, कारण ओल फुटक्या पन्हळीतून येत होती आणि पन्हळीकडे आमच्यापैकी कोणी मान वर करून पाहिले नव्हते. रंगाने ओल थांबत नाही, ती आत कोंडली जाते आणि मिठाचा पांढरा थर घेऊन बाहेर पडते. आठांपैकी एकाही घरातून आमच्याकडे तक्रार आली नव्हती. मी विचारले तेव्हाही "छान झालंय की" असेच उत्तर मिळाले. विकतच्या कामाबद्दल माणूस भांडतो. फुकट मिळालेल्या कामाबद्दल त्याला बोलता येत नाही, आणि नको असले तरी नाही म्हणता येत नाही. हे आम्ही कधी लक्षातच घेतले नव्हते. त्यांचे गप्प राहणे म्हणजे समाधान, असे आम्ही धरून चाललो.

शाळांच्या बाबतीत मी अधिक कठोर बोलेन. एका शाळेच्या दर्शनी भिंतीवर आम्ही साठ जणांनी मिळून मोठे चित्र काढले. ते चांगले होते, मुलांना आवडले, आजही काही भाग शिल्लक आहे. निघताना मुख्याध्यापिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. जाता जाता बसवून देता येईल का?" साठ माणसांत एकाकडेही स्क्रूड्रायव्हर नव्हता. कडी नसेल तर दाराबाहेर राखण करायला मैत्रीण लागते, आणि ती मिळाली नाही तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. हे मला त्यांच्याकडूनच समजले, पण रंग कोणते हवेत याखेरीज दुसरे काही आम्ही त्यांना आधी विचारले नव्हते. त्याच दिवशी आतल्या वर्गांमधला जुना ऑइलपेंट आम्ही कोरड्या पॉलिशपेपरने घासला होता, खिडक्या बंद ठेवून. जुन्या रंगात शिसे असू शकते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही, आणि त्याचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो. तो रंग ओला करूनच खरवडायचा असतो, धूळ ओल्या फडक्याने टिपायची असते. आम्ही ती झाडूने उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले त्याच वर्गांत जमिनीवर बसली. त्या रंगात शिसे होते की नव्हते, याची तपासणी कोणी केली नाही, आणि हा विचार आजही माझा पिच्छा सोडत नाही.

म्हणून आता आम्ही आधी दोन महिने फक्त जाऊन पाहतो. घरातल्या माणसांना एकटे गाठून विचारतो, शेजाऱ्यांसमोर नाही. काम चालू असताना घरातले कोणीतरी सोबत असावे आणि त्याने "हे नको" म्हटले की हत्यारे खाली ठेवावीत, असा नियम आहे. ही काही आमची कल्पना नव्हे. 1976 साली सुरू झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेत घर मिळणारे कुटुंब स्वतः शेकडो तास बांधकामावर राबते. त्यामागे खर्च वाचवण्याचा विचार असेलही, पण ज्याचे हात त्या भिंतीला लागलेले असतात तो ती वाकडी असेल तर वाकडी म्हणू शकतो. आणि ज्यांना श्रमदान म्हणजे एका दिवसाचा उत्सव वाटतो, त्यांना मी स्विस शांततावादी प्येर सेरेसोल यांची आठवण करून देते. 1920 साली फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धातल्या व्हर्डनच्या रणभूमीजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात ते काल शत्रू असलेल्या देशांतले स्वयंसेवक घेऊन घरे उभारायला गेले. तेथे ते काही महिने राहिले. 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले तेव्हाही ते पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांच्याकडे वेळ होता आणि आमच्याकडे नोकऱ्या आहेत, असे मला लगेच सुनावले जाते. ते खरे आहे. पण मग एका दिवसात जेवढे नीट होईल तेवढेच हाती घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

काकांच्या घरचा रॅम्प आम्ही सहा रविवार खपून पुन्हा केला, भिंतीच्या कडेने वळवून, गवंडीकाकांनी सांगितला होता तसा. काँक्रीट ओले असताना त्यावर झाडूने आडव्या रेघा ओढल्या. सहा रविवारांत मिळून सात माणसे आली. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही.

या निर्णयाने काय गमावले तेही मी लपवणार नाही. स्वयंसेवक निम्म्याहून कमी झाले. ज्या मुलांना आम्ही पूर्वी हातात ब्रश देऊन भिंतीसमोर उभे करत होतो, त्यांना आता कडी बसवण्यासाठी आणि पन्हळ साफ करण्यासाठी बोलावले की ती एकदा येतात आणि पुन्हा येत नाहीत. सहा रविवार टिकलेल्या त्या सात जणांपैकी चौघे मात्र मुळात त्या चित्राच्या दिवशीच आमच्यात आले होते, हे मला नाकारता येत नाही. चित्र नसते तर ते आले असते का? आणि ज्या सात घरांना आता आम्ही दर वर्षी नाही म्हणतो, त्यांचे काय? त्यांच्या भिंतींना निदान पोपडे सुटेपर्यंत तरी रंग मिळाला असता.

यंदाच्या यादीत एका बाईंचे घर आहे. त्यांच्या मुलाला व्हीलचेअर लागते, आणि त्या त्याला दिवसातून चार वेळा उंबऱ्यावरून उचलून नेतात. मागच्या आठवड्यात मी मोजमाप घेतले. चढ 20 सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प 2 मीटर 40 सेंटिमीटरांचा हवा. जागा आहे 1 मीटर 80 सेंटिमीटर, आणि एका बाजूला शेजाऱ्यांची भिंत असल्यामुळे वळवता येत नाही. म्हणजे चढ 1 ला 9 होतो. मी त्यांना सगळा हिशेब सांगितला, काकूंच्या मनगटाबद्दलही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ताई, तुमचा उतार धोक्याचा असेल. पण मी त्याला उचलते तेव्हा काय असतं?"

मी त्यांना अजून होय म्हटलेले नाही, आणि नाहीही म्हटलेले नाही. येत्या रविवारी गवंडीकाकांना घेऊन पुन्हा मोजायला जाणार आहे.